ती जागा तुम्हाला कोणी दाखवली?

नमस्कार ताई,

मी मूळचा पुण्याचा, गेली नऊ वर्षं डेन्व्हरजवळ राहतो. ट्रेकिंगचा नाद इथे आल्यावर वाढलाच. ऑफिसातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांमुळे शिकारीकडे वळलो. हंटर एज्युकेशनचा कोर्स केला, परवाना काढला आणि दीड वर्षापूर्वी, ऑक्टोबरमध्ये, त्यांच्याबरोबर पहिल्यांदा एल्कच्या, म्हणजे इथल्या थोराड हरणाच्या, शिकारीच्या कॅम्पला गेलो. गाडीरस्ता संपल्यावर खेचरांवर सामान लादून काही मैल आत. ही जागा त्यांच्या वडिलांनी शोधलेली, चाळीस वर्षं ते तिथेच तंबू ठोकतात. मला एल्क मिळालं नाही, पण तो आठवडा मी विसरणार नाही.

परत आल्यावर मी मराठीत एक व्हिडिओ केला. आपल्या लोकांना हे जग कळावं, एवढाच हेतू होता. खाली कॅम्पची नकाशावरची पिन दिली, ट्रेकर मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही टाकली. व्हिडिओ बराच फिरला, मराठी न कळणाऱ्यांनीही पाहिला. गेल्या ऑक्टोबरमध्ये आम्ही पोचलो, तर जिथे एरवी एखादी गाडी उभी असते तिथे सात होत्या आणि आमच्या जागेवर दोन तंबू. त्यांतल्या एकाने आपणहून सांगितलं, जागा व्हिडिओवरून कळली. सहकारी काहीच बोलले नाहीत. खेचरं वळवली, अंधारात दुसरीकडे कसाबसा तळ टाकला, तिसऱ्या दिवशी आम्ही परतलो. तेव्हापासून ऑफिसात कामापुरतं बोलणं. यंदाच्या सीझनचा विषय त्यांनी माझ्यासमोर काढलेला नाही.

मला वाईट वाटतं, पण रागही येतो. ती सरकारी जमीन आहे, माझ्याही कराच्या पैशावर चालते. ज्यांचे बाप-आजोबा इथले त्यांनाच जागा ठाऊक. आमच्यासारख्या बाहेरून आलेल्यांना कोण सांगणार? ही मक्तेदारी नाही का? व्हिडिओ काढून टाकू का? माफी मागू का? आणि मागायची तर नक्की कशाची?

– पेचात पडलेला, कोलोरॅडो

नमस्कार,

तुमच्या पत्रात एका ओढ्याचं नाव होतं, फॉरेस्ट रोडचा क्रमांकही होता. छापायला देण्याआधी मी दोन्ही खोडलं आहे. वाचकांनी कृपया विचारू नये.

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीचे सगळे त्यातच अडकले आहेत. माफी कशाची मागायची? व्हिडिओ केलात याची मागू नका. आपल्या माणसांना बोलावंसं वाटलं, याचीही नको. एका माणसाने तुमच्यावर विश्वास टाकून जे दाखवलं, ते तुम्ही त्याला न विचारता वाटून टाकलंत, त्याची मागा.

मी कुडाळजवळच्या खेड्यातली. श्रावणात दोन-तीन दिवस पाऊस लागून मग ऊन पडलं, की आजी उजाडण्याआधी उठायची आणि मला हलवायची. टोपली घ्यायची, डोक्यावर इरलं. काजूच्या बागेपलीकडे, कातळ संपतो तिथे एक जुनं वारूळ होतं आणि त्याच्या भोवती पांढऱ्या छत्र्यांसारखी अळंबी वर आलेली असायची. आजी ती हलक्या हाताने काढायची, पाऊणएक टोपली झाली की थांबायची, उरलेली तशीच ठेवायची. येताना वाटेत कोणी ना कोणी भेटायचंच. ‘खंय गेल्लंस गे?’ ‘हयसरच,’ ती म्हणायची आणि विचारणारीच्या पदरात मूठभर अळंबी घालायची. अळंबी तिने कोणालाही दिली. जागा कोणाला सांगितली नाही. तिला ती तिच्या सासूने दाखवली होती.

मी नऊ वर्षांची असताना शाळेतल्या मैत्रिणीला ते वारूळ दाखवलं. मोठेपणा मिरवायचा होता, दुसरं काही नाही. पुढच्या श्रावणात आम्ही गेलो, तर वारूळ कुदळीने अर्धं फोडलेलं. आत आणखी अळंबी असतील असं कोणाला तरी वाटलं असणार. ही अळंबी म्हणजे वाळवी आपल्या वारुळात जी बुरशी पोसते तिचंच फळ. वाळवीचं घर मोडलं की अळंबीही गेली. आजी थोडा वेळ तिथे उभी राहिली आणि मग आम्ही घरी आलो. ती मला एका शब्दाने बोलली नाही. त्याच्या पुढच्या वर्षी तिला दुसरी एक जागा सापडली होती. पहाटे माजघराच्या दाराची कडी वाजली, मी जागीच होते. तिने माझ्या चुलतभावाला उठवलं आणि ती दोघं गेली.

तुमच्या सहकाऱ्यांनी काही न बोलता खेचरं वळवली, हे वाचलं तेव्हा मला ती कडी ऐकू आली.

आता जमिनीविषयी. तुमचं म्हणणं खरं आहे. नॅशनल फॉरेस्टची जमीन कोणा एकाची नाही. तिथे रानातल्या तळासाठी आगाऊ जागा अडवता येत नाही, बहुतेक ठिकाणी एका जागी चौदा दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही, आणि रिकामा तंबू उभा करून ‘ही आमची’ म्हणता येत नाही. आधी पोचला त्याची जागा. त्या दोन तंबूंमधल्या लोकांनी काहीही चुकीचं केलं नाही. कदाचित तेही तुमच्यासारखेच नवे असतील, त्यांच्यावर राग धरू नका. तुमच्या सहकाऱ्यांनाही हे पुरतं ठाऊक आहे. म्हणूनच ते भांडले नाहीत.

त्यांच्याकडे जे होतं त्याला मालकी म्हणता येणार नाही. चाळीस वर्षं जाऊन-येऊन जमवलेली माहिती होती ती. ऑक्टोबरात कोणता झरा गोठत नाही. सकाळचं ऊन कोणत्या बाजूला आधी पोचतं. कोणती वाळलेली झाडं वाऱ्यात तंबूवर पडतील. खेचरांना गवत कुठे मिळतं. एल्क संध्याकाळी कोणत्या खिंडीतून खाली उतरतात. हे सरकारी नकाशात नसतं. हे त्यांच्या वडिलांनी रिकाम्या हाताने परतून परतून शिकलेलं, आणि ते त्यांनी तुम्हाला एका आठवड्यात दिलं. कराच्या पैशातून जमीन मिळते. हे मिळत नाही.

तुमच्या रागाकडेही येते, कारण तो मला पटतो. माझ्या इथल्या वीसेक वर्षांत मी शेकडो मराठी घरं पाहिली. शिकार सोडा, रानात तंबू टाकून राहणारीही त्यांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. ज्याचा आजोबा इथे घोड्यावर फिरला, त्याला अर्धा नकाशा पाळण्यातच मिळतो. नव्या माणसाला नकाशा वाचायला शिकवणारंही कोणी नसतं. शिवाय या जमिनींना माणसांची गरजही आहे. २०२५च्या जूनमध्ये पश्चिमेकडच्या राज्यांतली लाखो एकर सार्वजनिक जमीन विकायची तरतूद अमेरिकन सेनेटमध्ये आली होती. ती मागे घ्यावी लागली, आणि आरडाओरडा करणाऱ्यांत शिकारी, मासेमार, ट्रेकर सगळे होते. ज्यांनी ते रान कधी पाहिलंच नाही ते त्याच्यासाठी फोन उचलणार नाहीत. म्हणून मराठीत व्हिडिओ करायचा तुमचा हेतू मला चांगलाच वाटतो.

पण पिन दिल्याने नवा माणूस शिकतो का? त्या सात गाड्यांतल्या माणसांना काय मिळालं, याचा विचार करा. एक ठिपका. तो ठिपका तिथे का आहे, हे त्यांना कळलं नाही. पुढच्या वर्षी तिथे गर्दी झाली की ते दुसरा ठिपका शोधतील. तुमच्या सहकाऱ्यांनी तुम्हाला शिकवलं, आणि तुम्ही पुढे शिकवण्याऐवजी उत्तर तेवढं देऊन टाकलंत. नवख्यांविषयीची कळकळ खरी असेल, तर ती दाखवण्याची जागा दुसरी आहे. त्याविषयी पुढे बोलते.

आणि त्या जनावराचंही थोडं ऐका. ज्यांनी एल्क पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते: हे हरणांच्याच कुळातलं, पण आपल्या सांबराहून थोराड; नर सहज तीनशे किलोचा भरतो. कोलोरॅडोइतके एल्क अमेरिकेच्या दुसऱ्या कोणत्याही राज्यात नाहीत. तरी ते माणसाला फार बिचकतात. कोलोरॅडोतल्याच वेल (Vail) गावाच्या परिसरात १९९०च्या दशकात संशोधकांनी मुद्दाम प्रयोग केला. विणीच्या दिवसांत माणसं पुन्हा पुन्हा माद्यांच्या जवळ पाठवली. ज्या कळपांना असं हुसकावलं, त्यांच्यातलं पिल्लांचं प्रमाण घसरलं. हुसकावणं थांबवल्यावर ते पुन्हा सावरलं. कोणी बंदूक उचलली नव्हती, माणसं फक्त चालत होती. शिकारीच्या दिवसांत दबाव वाढला की एल्क बऱ्याचदा खाजगी रँचकडे सरकतात, जिथे तुमच्या-आमच्यासारख्याला पाऊल टाकता येत नाही. म्हणजे सरकारी जमीन सगळ्यांना खुली करायला गेलात, आणि एल्क कुंपणापलीकडे गेले.

तुम्ही पुण्याचे, म्हणून एका जुन्या गोष्टीची आठवण करून देते. २०१३ मध्ये मध्य प्रदेशातल्या पन्नाच्या जंगलातल्या एका वाघाच्या जीपीएस कॉलरची माहिती ज्या ईमेल खात्यावर यायची, ते उघडायचा कोणीतरी प्रयत्न केला. तो प्रयत्न पुण्यातून झाल्याचं आढळलं होतं. तो फसला, आणि त्यामागे कोण होतं, त्याला काय हवं होतं, ते सिद्ध झालं नाही. पण वनखात्याची माणसं का हादरली, हे कळायला सिद्ध व्हायची गरज नव्हती. जनावर कुठे आहे हे कळलं की अर्धं काम झालेलं असतं. आपल्याकडे १९७२च्या कायद्याने शिकार बंद आहे, इथे ती टॅग (एकेका जनावराचा परवाना) मोजून, सीझन आखून चालते, आणि परवान्यांच्या पैशातूनच राज्याच्या वन्यजीव खात्याचा मोठा खर्च निघतो. दोन्हीकडच्या कायद्यांत जमीन-अस्मानाचा फरक. जागेच्या माहितीचं वजन मात्र दोन्हीकडे सारखंच. ॲरिझोनाने तर २०२२ पासून शिकारीसाठी ट्रेल कॅमेरे, म्हणजे जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो टिपणारे कॅमेरे, लावायलाच बंदी केली. कोरड्या मुलखात पाणवठ्यावर एवढे कॅमेरे झाले होते, की जनावराला लपायला जागा उरली नव्हती. (मी स्वतः बंदूक धरलेली नाही. शेजारी दर हिवाळ्यात एल्कचा एक तुकडा आणून देतात, तो मी मालवणी मसाल्यात तास-दीड तास शिजवते. ज्या वाचकांना हा सगळा विषयच नकोसा वाटतो, त्यांचंही मी समजू शकते.)

राहता राहिली ती जमीन. इथून फार दूर नाही, ॲस्पेनजवळ कनन्ड्रम हॉट स्प्रिंग्ज म्हणून गरम पाण्याची कुंडं आहेत. आठ-साडेआठ मैल चालून जावं लागतं, तरीसुद्धा लोटच्या लोट जाऊ लागले. कचरा आणि माणसांची विष्ठा आवरेना, शेवटी २०१८ पासून रात्रीच्या मुक्कामाला परमिट लावावं लागलं. त्याच वर्षी वायोमिंगमध्ये जॅक्सन होलच्या पर्यटन मंडळाने लोकांना विनंती केली, की फोटोवर नेमकी जागा टाकू नका, त्याऐवजी ‘टॅग रिस्पॉन्सिबली, कीप जॅक्सन होल वाइल्ड’ एवढंच टाका. पर्यटकांवर पोट असलेल्या गावाला हे सांगावं लागलं, म्हणजे काय झालं असेल विचार करा. तुमच्या कॅम्पला दोन तंबू पेलतात. सहा तंबू आले की जळणासाठी उभी झाडं तुटतात, गवत जातं, ओढ्याच्या काठी चिखल होतो. आपल्या कासच्या पठाराचं काय झालं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता काय करायचं ते.

व्हिडिओ आज रात्रीच काढून टाका. कायमचा काढा असं म्हणत नाही. आधी खाली उतरवा, मग सवडीने पुन्हा कापा. नुसती पिन पुसून भागणार नाही, हे अनुभवी शिकारी तुम्हाला सांगतील. मागे दिसणारी डोंगराची धार, तळ्याचा आकार, पायवाट सुरू होते तिथली ट्रेलहेडची पाटी, एवढ्यावरून घरबसल्या उपग्रहाच्या नकाशात जागा सापडते. ते तुकडे वगळा. गाडीतून उतरल्यापासून किती वेळ चाललात, कोणत्या दिशेला वळलात, हे बोलला असाल तर तेही. ग्रुपवरचा मेसेज काढायची मुदत उलटून गेली असेल, म्हणून तिथे दोन ओळी लिहा: ती जागा मला विश्वासाने दाखवलेली होती, मी ती द्यायला नको होती, कृपया पुढे पाठवू नका. सहकाऱ्यांचं नाव घेऊ नका, त्यांची कहाणी सांगू नका. जे फोटो तुम्ही कोणाला ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवले असतील त्यांच्या पोटात फोनने टिपलेले अक्षांश-रेखांश तसेच असतात. नुसता फोटो म्हणून पाठवला तर व्हॉट्सॲप ते गाळतं. कॅमेऱ्याचं लोकेशन पुढच्या वेळी आधीच बंद ठेवा आणि नकाशाच्या ॲपमध्ये तुमच्या खुणा कोणाकोणाला दिसतात, ते एकदा तपासा.

एवढं करूनही ती जागा परत येणार नाही. ज्यांनी पिन आपल्या फोनमध्ये साठवली त्यांच्याकडे ती राहणारच. माफी मागताना हे झाकू नका. ‘मी काढून टाकलंय, आता सगळं ठीक आहे’ असं म्हणालात तर ते तुमच्याकडे बघतील आणि विषय बदलतील.

माफी ऑफिसात मागू नका, मेसेजवर तर नकोच. त्यांच्या घरी जा. जाताना बाटली किंवा भेटवस्तू नेऊ नका, हिशेब मिटवायला आल्यासारखं वाटतं. वाक्य साधं असू द्या: ‘तुमच्या वडिलांची जागा मी तुम्हाला न विचारता लोकांना दिली. माझं चुकलं.’ त्यापुढे ‘पण’ येऊ देऊ नका. सरकारी जमीन, कर, नवे शिकारी, आपला मराठी समाज, यातलं एक अक्षरही त्या दिवशी नको. ते सगळं खरं असलं तरी नको. मग गप्प बसा. कदाचित ते रागावतील, कदाचित म्हणतील ‘जाऊ दे’. ‘जाऊ दे’ म्हणाले म्हणून लगेच सुटल्यासारखं वागू नका. ती पिढी आणि तो मुलूख असा आहे, की मनातलं दोन हंगामांनी बाहेर येतं.

आणि त्या जागी तुम्ही स्वतः जाऊ नका. एकटे नाही, दुसऱ्या मित्रांबरोबर नाही, एल्कचा सीझन नसताना जुलैत फिरायलाही नाही. कायदा तुम्हाला अडवणार नाही. तरी त्यांनी आपणहून बोलावल्याशिवाय नाही. या एका बाबतीत माझं मत मऊ होणार नाही.

आता ते नव्यांना शिकवणं. पुढचा व्हिडिओ जागा कशी शोधायची यावर करा, आणि त्यासाठी आधी स्वतः शोधा. राज्याच्या वन्यजीव खात्याचा हंटिंग ॲटलस सगळ्यांना खुला आहे. एल्कचे उन्हाळी-हिवाळी पट्टे, स्थलांतराच्या वाटा त्यावर दिसतात. प्रत्येक युनिटमध्ये, म्हणजे शिकारीसाठी आखलेल्या विभागात, किती शिकारी गेले, किती जणांना एल्क मिळालं, याचे आकडे ते खातं दरवर्षी छापतं. खात्याच्या माणसांना फोन केला तर ती मोकळेपणाने बोलतात. उंच-सखल रेषांचा नकाशा घ्या आणि गाडीरस्त्यापासून दीड-दोन मैल आत बोट न्या, तिथून गर्दी विरळ होऊ लागते. उत्तरेकडच्या उताराचं गर्द रान पाहा, त्यातली सपाट पायरी पाहा, जवळ पाणी आहे का पाहा. जुलैत पाठीवर पिशवी टाकून तिथे जा. ओल्या चिखलात लोळल्याच्या खुणा, झाडांवर शिंगं घासल्याच्या खुणा शोधा. पाण्यापासून दोनशे फूट लांब तंबू लावून रात्र काढा. पहिली जागा बहुधा चुकेल, दुसरीही. हे सगळं मराठीत सांगा. चुकलेल्या जागांसकट सांगा. बर्फ पडला तर टायरच्या साखळ्या लागतात, दहा हजार फुटांवर पहिल्या रात्री डोकं धरतं, तीनशे किलोचं जनावर पडल्यावर ते पाठीवरून बाहेर काढायला किती फेऱ्या लागतात, हेही सांगा. आपल्या माणसांना यातलं काहीच ठाऊक नसतं आणि कोणी सांगतही नाही.

लोक तरी विचारणार, ‘लोकेशन प्लीज’. त्यांना जंगलाचं नाव द्या, रेंजर ऑफिसला फोन करायला सांगा. रस्ता बंद असेल, पूल वाहून गेला असेल, अस्वल तंबूत शिरत असेल, तर मात्र नेमकी जागा ओरडून सांगा; धोक्याची माहिती कोणापासून राखायची नसते. जे कॅम्पग्राउंड बांधलेलंच लोकांसाठी आहे, त्याचीही खुशाल पिन द्या.

एक गोष्ट इथे निक्षून सांगते, कारण हे वाचून कोणी भलताच अर्थ काढेल. घरच्यांपासून जागा लपवायची नाही. बायकोकडे, किंवा जो कोणी मागे राहील त्याच्याकडे, नकाशावर खूण केलेला कागद, गाडी कुठे ठेवणार ती जागा आणि कधीपर्यंत फोन आला नाही तर शेरीफला कळवायचं ती वेळ, हे लिहून ठेवायचं. मागे आमच्या ओळखीतले एक जण ‘सिक्रेट स्पॉट’ म्हणून घरीही न सांगता गेले आणि पाय मुरगळून एक रात्र बर्फात बसले. शोधणाऱ्यांना कोणत्या दरीत बघायचं तेच कळेना.

आता यंदाच्या सीझनचं. पहिल्या रायफल सीझनचा टॅग ड्रॉमधूनच, म्हणजे सोडतीतूनच, मिळतो, हे तुम्हाला माहीत आहे, आणि तुमचे सहकारी अर्ज ग्रुपने भरत असणार. अर्ज मार्चमध्ये उघडतात, एप्रिलच्या पहिल्या मंगळवारी बंद होतात. तुम्ही त्याआधी त्यांच्या दारात उभे राहिलात, तर ‘मला ग्रुपमध्ये घ्या’ म्हणायला आलात असं त्यांना वाटेल, आणि तुम्ही कितीही नाही म्हणालात तरी वाटेल. म्हणून आधी तुमचा अर्ज तुम्ही एकटे भरा, त्यांचं युनिट सोडून दुसऱ्या कुठल्या तरी युनिटचा. अर्ज गेला की त्याच आठवड्यात त्यांच्याकडे जा. बोलता बोलता यंदाचा विषय निघालाच, तर सांगा की भरलाय, एकट्याने भरलाय, आणि जुलैत जागा बघायला जाणार आहे. कुठे जाणार ते त्यांनी विचारलं, तर त्यांना सांगा.